टिटवाळ्यापर्यंत येऊन खडवलीला न आल्याबद्दल

डोंबिवली (पूर्व),
दि. ११ फेब्रुवारी १९८९

तीर्थस्वरूप वन्संच्या पायांशी सौ. मंजुळाचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. जमिनीवर बसून, पाटावर कागद ठेवून लिहिते आहे, त्यामुळे वाकण्यावाचून इलाज नाही.) आम्ही इथे सुखरूप. तुमची खुशाली मात्र परवाच्या कार्डावरून कळली नाही, कारण साडेतीन ओळींत राग एवढा होता की खुशालीला जागाच उरली नव्हती. गुडघा कसा आहे? उठताना दुखतो की बसताना? ती. भाऊजींचा खोकला यंदाच्या थंडीत बराच कमी आहे असं सहदेव म्हणाला. सहदेवची काळजी नसावी. दर रविवारी येतो, मामीच्या हातचं जेवतो आणि परीक्षेच्या इंग्रजीचा अभ्यास इतका मन लावून करतो की हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर पाठवलेले वाल पोचले. निम्मे आम्ही ठेवले, निम्मे खालच्या मजल्यावर रंगूबाईंना दिले. त्यांनी बिरडं करून वाटीभर वर पाठवलं, तेव्हा हे त्याच वालांचं आहे यावर ह्यांचा विश्वास बसेना.

आता तुमच्या कार्डाबद्दल. तुमच्या दूधवाल्याने तुमच्या बंधूंना मार्गशीर्षातल्या तीन रविवारी टिटवाळा स्टेशनात उतरताना पाहिलं, हे खरं आहे. पुढचंच स्टेशन खडवली असताना ते तिथवर आले नाहीत, हेही खरं आहे. बहीण जिवंत आहे की नाही एवढं बघायला माणसाला थोडा वेळ जास्त गाडीत बसवत नाही का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ह्यांनी कार्ड दोनदा वाचलं, माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, तूच लिही, तुझं अक्षर बरं आहे. (बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझं अक्षर बरं ठरलं.) तेव्हा खुलासा मी करते. पण तो करायचा तर इंग्रजीतल्या एका क्रियापदापासून सुरुवात करावी लागते, आणि त्या क्रियापदापर्यंत पोचायचं तर आधी तुमच्या गुडघ्याबद्दल एक जुनी कबुली द्यावी लागते. भिंतीला टेकून बसला नसाल तर बसा.

मागल्याच्या मागल्या दिवाळीत तुम्ही दोघं आमच्याकडे आला होता, तेव्हा दवाखान्यातून दोन बाटल्या आणल्या होत्या, आठवतं? एक तुमच्या गुडघ्याला चोळायची आणि एक भाऊजींनी प्यायची. दोन्ही एका रंगाच्या, एका उंचीच्या आणि दोन्हींवर सगळं इंग्रजीत. मी ह्यांना विचारलं. ह्यांनी चष्मा न लावता, हात लांब धरून, घसा साफ करून एक बाटली वाचली आणि ‘ही चोळायची’ असं सांगितलं. मी तीन दिवस तुमचा गुडघा खोकल्याच्या औषधाने चोळला, वन्सं. म्हणून गादीवर मुंग्या आल्या होत्या. तुम्ही म्हणालात, दिवाळीच्या फराळाचे कण सांडले असतील. आणि तिसऱ्या दिवशी पाय सरळ करून मला म्हणालात, ‘मंजुळे, तुझ्या हाताला गुण आहे गं.’ त्यानंतर खरं सांगण्याचा माझा धीर झाला नाही. (भाऊजींनी दुसरी बाटली नुसती हुंगली आणि त्यांचा खोकला आपोआप थांबला, म्हणून मोठा अनर्थ टळला.)

त्या दिवाळीपासून माझ्या मनाने घेतलं की घरात निदान बाटलीवरचं वाचण्यापुरतं इंग्रजी आपल्याला यायला हवं. गेल्या गणपतीनंतर संधी आली. आमच्या गल्लीत शीला म्हणून एक शाळेतली बाई राहायला आली आहे, वयाने माझ्या निम्मी. ती राममंदिरामागच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बायकांना इंग्रजी शिकवते. पुढच्या सभामंडपात भजनी मंडळाचे टाळ आणि मागे आमची एबीसीडी. ह्यांना सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि त्यांचं हसणं तुम्हाला ठाऊक आहे, शेजारची खिडकी उघडते. म्हणून मी एवढंच म्हणायची, ‘मंदिरात जाऊन येते हं.’ ते म्हणायचे, जा, माझ्याही वतीने हात जोड. मी जाताना त्यांच्या वतीने हात जोडायची आणि मागच्या दाराने वर्गात शिरायची. एक अक्षरही खोटं बोलले नाही.

आणि नेमकं हेच शीलाने दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी फळ्यावर लिहिलं. त्या दिवशीचं क्रियापद होतं मिसलीड. ती म्हणाली, डिसीव्ह म्हणजे खोटं सांगून फसवणं, ते सोपं असतं, कोणालाही जमतं. मिसलीड म्हणजे माणसाला भलत्या वाटेला लावून देणं, आणि त्यासाठी खोटं बोलावं लागतंच असं नाही. खऱ्या बोलण्याने लावता येतं, गप्प राहून लावता येतं, नुसता चेहरा विशिष्ट प्रकारचा ठेवूनही लावता येतं. कधीकधी तर लावणाऱ्यालाही आपण लावलं हे कळत नाही. मग तिने सांगितलं, स्वतःच्या आयुष्यातल्या घटना घेऊन या क्रियापदाची पाच वाक्यं करा. वन्सं, एरवी आमच्या वर्गात पाच वाक्यं करायची म्हटलं की बायका छताकडे बघतात. त्या दिवशी सहाच्या सहा जणी माना खाली घालून लिहीत सुटल्या. एकीची तर अकरा झाली, तरी तिला थांबवेना. आमच्या वर्गाला एखाद्या शब्दाचा अर्थ इतक्या लवकर कधी समजलेला नाही.

आता रंगूबाई. तुम्ही त्यांना ओळखता. जिन्याशेजारची खोली, खणखणीत आवाज, आणि ज्यांच्या हातचं बिरडं खाऊन तुम्ही म्हणाला होता की ही बाई खडवलीला असती तर मी रोज तिच्याकडे जेवले असते. यजमान जाऊन चार वर्षं झाली. पदरात एकच मुलगी, जनी. ठाण्याला एका कचेरीत टायपिस्ट आहे, सव्वीस पुरी झाली. मुलगी नाकीडोळी नीटस, बोलायला शांत, पण घरात पुरुषमाणूस नाही, मग स्थळं बघायला जाणार कोण? रंगूबाईंनी ज्याला-त्याला सांगून पाहिलं. ज्याने-त्याने ‘बघू’ म्हटलं. (तुमच्या बंधूंनीही चारदा म्हटलं आहे, मी मोजलं आहे.) दोन स्थळं बघून गेली, ‘पत्राने कळवतो’ म्हणाली, आणि आपल्याकडे याचा अर्थ पोस्टमनलासुद्धा माहीत असतो. तिसरं श्रावणात नाशिकहून आलं. मुलाचे वडील मोठे निवृत्त साहेब. पोहे खाताना चमचा कसा धरायचा हे त्यांनी जनीला इंग्रजीत समजावलं. तेही पत्राने कळवतो म्हणाले, पण त्यांनी खरंच कळवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टाइप केलेलं, इंग्रजीतलं पत्र आलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी म्हणजे तुमचे बंधू, हे तुम्ही लहानपणापासून सगळ्यांना सांगत आला आहात आणि इथेही ते सगळ्यांना पटलेलं आहे. पाण्याचा अर्ज असो, विम्याचं पत्र असो, लोक वर येतात, हे चष्मा पुसतात, चहा होतो. दसऱ्याच्या सकाळी रंगूबाई वर आल्या त्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात साखरेची वाटी घेऊन. मागोमाग मजल्यावरच्या सगळ्या बायका गॅलरीत गोळा झाल्या. सण होता, सगळ्या नेसून-बिसून तयार होत्या. ह्यांनी पत्र उघडलं, मनातल्या मनात वाचलं, एकदा रंगूबाईंकडे पाहिलं, एकदा वाटीकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मग म्हणाले, ‘मुलगी पसंत आहे. घरची थोडी अडचण आहे, तेव्हा लग्नाचं माघ-फाल्गुनात बघू म्हणतात. तोवर तुम्ही उलट पत्र टाकू नये, ते स्वतःच कळवतील.’ रंगूबाईंनी चिमूटभर साखर ह्यांच्या हातावर ठेवली, मग सगळ्यांच्या ठेवली. पत्र देवांच्या तसबिरीमागे गेलं. बिल्डिंगभर झालं, जनीचं ठरलं.

दिवाळीनंतर, त्या मंगळवारच्या वर्गावरून परतताना मी रंगूबाईंकडे डोकावले. बोलता बोलता त्यांनी ते पत्र कौतुकाने माझ्या हातात दिलं. मला सगळं थोडंच वाचता येणार होतं? पण तिसऱ्या ओळीत माझं क्रियापद बसलेलं! तासाभरापूर्वी फळ्यावर होतं तेच, तसंच. गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसा मला आनंद झाला आणि लगेच मनात आलं, लग्नाच्या पसंतीच्या पत्रात या क्रियापदाचं काम काय? कोणाला तरी दाखवायचं म्हणून मी पत्र मागून घेतलं (वाक्य खरं होतं, शीलाला दाखवायचं होतं) आणि कोश घेऊन एकेक शब्द लावला. लिहिलं होतं, तुम्हाला भलत्या आशेवर ठेवण्याची आमची इच्छा नाही, मुलगी चांगली आहे, पण आमच्या घराला साजेशी नाही, क्षमा असावी. हे सगळं माघात कसं काय पसंतीचं होणार होतं, सांगा बरं.

त्या रात्री मला झोप आली नाही. तुम्हाला वाटेल मला जनीची काळजी लागली. लागली होतीच. माघ उजाडला आणि नाशिकहून कुत्रंही आलं नाही म्हणजे त्या पोरीने रोज संध्याकाळी कामावरून येऊन त्याच गॅलरीसमोरून, त्याच तोंडांसमोरून कसं जायचं? पण लाजेने सांगते, त्याहून जास्त काळजी मला तुमच्या बंधूंची वाटली. मला ती बाटली आठवली, मुंग्या आठवल्या, आणि मनात आलं, ह्यांना इंग्रजी येतच नाही! बावीस वर्षं अर्ज लिहितात, अर्थ सांगतात, ते सगळं अंदाजपंचे! कोणाकोणाचं काय काय करून ठेवलं असेल या माणसाने! आणि हे उघडं झालं की या बिल्डिंगमध्ये त्यांना कोण साहेब म्हणेल? आठ दिवस मी ह्यांच्याकडे अशी बघत होते की त्यांनी दोनदा आरशात जाऊन तोंड पाहिलं.

नवव्या दिवशी चहाबरोबर ते पत्र समोर ठेवलं आणि म्हटलं, रंगूबाई म्हणतात पुन्हा एकदा वाचा. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि या वेळी तर नाशिकच्या सासूबाईंनी जनीला कोणता रंग आवडतो तेही विचारलं होतं. मी शांतपणे तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, या शब्दाचा अर्थ काय हो? हे शब्दाकडे बघेनात, माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘तुला हा शब्द कुठून आला?’ मी म्हटलं, राममंदिरामागच्या खोलीतून. अशा रीतीने वन्सं, आमच्या दोघांच्या चोऱ्या एकाच कपभर चहावर उघड झाल्या. त्यांना इंग्रजी उत्तम येतं. सगळंच्या सगळं पत्र त्यांना पहिल्याच वाचनात कळलं होतं. फक्त चष्मा नसला की येत नाही, एवढंच. मी विचारलं, मग असं का वाचलंत? तर म्हणाले, ‘अगं, साखरेची वाटी आधीच तिच्या हातात होती. मी काय वाचणार होतो?’ मला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांत या माणसावर मी अनेक कारणांनी रागावले आहे, त्यातली निम्मी कारणं मी त्या संध्याकाळी माफ केली. निम्मी ठेवली आहेत.

त्यांचा बेत असा होता की माघापर्यंत गुपचूप दुसरं स्थळ शोधायचं, ते पक्कं झालं की नाशिकचं मोडलं म्हणून सांगायचं आणि त्याच दमात हे नवीन पुढे करायचं. म्हणून दसऱ्यापासून ते दर रविवारी बाहेर. कल्याणच्या मुलाने जनीची नोकरी कायमची आहे का एवढंच विचारलं, तेही तीनदा. ठाण्याच्या मुलाच्या आईने मुलीची उंची विचारली आणि मग ह्यांनाच भिंतीला टेकून उभं राहायला सांगून अंदाज घेतला. मग टिटवाळा. पहिल्या रविवारी मुलगा घरी नव्हता. दुसऱ्या रविवारी मुलगा होता, पण त्याचे काका नव्हते, आणि काकांशिवाय त्या घरात कोणी बोलत नाही. तिसऱ्या रविवारी काका भेटले, चहा पाजला, थालीपीठ खायला घातलं आणि निघताना म्हणाले, मुलाचं दोन महिन्यांपूर्वीच ठरलंय, पण तुम्ही इतके सज्जन गृहस्थ, एवढ्या लांबून येता, तुमचा हिरमोड कसा करायचा? घरी येऊन हे मला म्हणाले, ‘मिसलीड म्हणजे काय ते मला आज कळलं.’

आणि खडवलीला का आले नाहीत? तुमच्यामुळेच. तुमच्यापुढे त्यांना लपवता येत नाही. लहानपणी चोरून गूळ खाल्ला असताना तुम्ही नुसतं ‘त्र्यंबक’ म्हटलंत आणि ह्यांनी तोंडातला खडा काढून पुन्हा डब्यात ठेवला, ही गोष्ट तुम्हीच मला लग्नात सांगितली होती. तुम्ही कशाला आलास रे विचारलं असतं, तर सगळं ओकून मोकळे झाले असते. म्हणून टिटवाळ्याहूनच माघारी फिरत. एकदा तर म्हणे तुमच्या बाजूला जाणारी गाडी समोर उभी होती, पाय टाकला आणि काढून घेतला. रागवा हवं तर, पण दूधवाल्याने हा पाय बघितला नाही, तो मी सांगितला.

टिटवाळ्यानंतर आम्ही ठरवलं की निदान जनीला तरी खरं सांगायचं. मी तिला गॅलरीत गाठलं, वाळलेले कपडे काढत होती. चार वाक्यं जुळवून ठेवली होती, पहिल्याच वाक्यावर ती म्हणाली, ‘काकू, मला दसऱ्यापासून माहितीये. मी संध्याकाळी घरी आल्यावर तसबिरीमागून काढून वाचलं ना ते. टायपिंगच्या सात चुका आहेत त्यात.’ मी म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस? म्हणाली, ‘मला ते स्थळ नकोच होतं. आणि आई तेव्हापासून रात्रीची झोपते हो. काकाही किती हौसेने वाचत होते.’ एवढं बोलून तिने कपड्यांची घडी घातली आणि आत गेली. मी तिथेच उभी. ज्या पोरीसाठी आम्ही दोघं जिवाचं रान करत होतो ती आम्हाला दुखवू नये म्हणून गप्प होती.

मग माघ लागला. आता रंगूबाईंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परवा संध्याकाळी आम्ही दोघं खाली गेलो. ह्यांनी धुतलेला सदरा घातला होता. रंगूबाई वाल सोलत बसल्या होत्या (तुमचेच). हे उभ्याउभ्याच बोलायला लागले, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. स्वतःचं कुठेही झाकलं नाही. रंगूबाई सोलत राहिल्या. ह्यांचं संपल्यावर त्यांनी एक वाल सोलून पाण्यात टाकला आणि म्हणाल्या, ‘त्र्यंबकराव, मला पोस्टमनने पत्र हातात दिलं तेव्हाच कळलं होतं. शुभाचं पत्र कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय कोणी टाकतं का?’

वन्सं, आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी कोश घेऊन त्या कागदाचा शब्दन्‌शब्द लावला होता. ह्यांनी तो दोनदा चष्मा लावून वाचला होता. जनीने चुका मोजल्या होत्या. पण कोपऱ्याकडे एकानेही बघितलं नव्हतं! ज्या बाईला इंग्रजी अक्षर कळत नाही तिने पत्र न उघडता वाचलं होतं. मी म्हटलं, मग साखर घेऊन वर कशाला आलात? तेव्हा त्यांनी हात पुसले. म्हणाल्या, ‘पसंतीचं पत्र मला नकोच होतं. मला जनीसाठी पायपीट करणारं माणूस हवं होतं. चार वर्षं सगळ्यांनी बघू म्हटलं. हे मनाने भले आहेत, पण कोणीतरी ढकलल्याशिवाय उठत नाहीत. म्हटलं, साखर दिसली की यांच्या तोंडून नाही निघायचं नाही, आणि चारचौघांत एकदा पसंत म्हणाले की मग तो मुलगा कुठूनतरी आणल्याशिवाय राहायचे नाहीत.’ आणि ह्यांनी खरं तेच वाचलं असतं तर? मी विचारलं. ‘तर काय, साखर घरी आणून खीर केली असती. दसराच होता,’ असं म्हणून त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि मग मात्र आम्हाला बसवून चहा केला.

काल शुक्रवारी हे सगळं मी शीलाला सांगितलं आणि विचारलं, यात मिसलीड नक्की कोणी कोणाला केलं? तिने हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, रंगूबाई एक शब्दही खोटं बोलल्या नाहीत, नुसती वाटी धरून उभ्या राहिल्या. वर्षभरात या क्रियापदाचा इतका शुद्ध उपयोग तिने पाहिला नाही. वर्गाला न येता त्या पहिल्या आल्या.

तर असा हा टिटवाळ्याचा खुलासा. तुमच्या बंधूंवर राग धरू नये. मुलगा अजून मिळालेला नाही असं ते समजतात आणि उद्या रविवारी पुन्हा कुठेतरी बाळकुमकडे निघाले आहेत. गुडघ्याला जपावं, भाऊजींना माझा नमस्कार सांगावा, आणि थंडी आहे तोवर पहाटेचं नदीवर जाणं बंद ठेवावं.

तुमची,
सौ. मंजुळा

ता. क. — एक सांगायचं राहिलं. दसऱ्यापासून दर रविवारी हे घराबाहेर असल्यामुळे सहदेवचं इंग्रजी घ्यायला कोणी नव्हतं. तेव्हा मामांनीच जाताना जनीला सांगितलं की जरा त्याची सरावाची इंग्रजी पत्रं तपासून दे. ती तपासते. माझ्यासमोर, आमच्याच खोलीत, दार उघडं ठेवून. त्याची परीक्षा डिसेंबरातच झाली, वन्सं. तुम्हाला अजून अभ्यास चालू आहे असं सांगत असेल तर ते खोटं नाही, अभ्यास चालूच आहे. मामा टिटवाळ्याला नवरामुलगा शोधायला निघाले की त्याच सकाळी तुमचा मुलगा खडवलीहून इकडे यायला निघालेला असायचा. वाटेत कुठेतरी दोन गाड्या एकमेकींना ओलांडून जात असणार, आणि हे खिडकीत बसून हिशेब करत असणार की आता कोणाकडे जावं. जनीची पत्रिका सोबत जोडली आहे. गोत्र वेगळं आहे, अठ्ठावीस गुण जुळतात. सून घरात हवी, कचेरीत नको, असं तुम्ही त्या बाटल्यांच्या दिवाळीत म्हणाला होता. त्यावर मी लहान तोंडी काय बोलू? चोळायची बाटली कोणती आणि प्यायची कोणती, हे चष्म्यावाचून वाचणारं एक माणूस घरात असावं, एवढंच म्हणते.

ता. क. दुसरा — हे पत्र ह्यांना ठाऊक नाही, सहदेवलाही नाही, म्हणून त्याच्या हाती न देता पोस्टात टाकते आहे. ह्यांना सांगितलंय की वन्संना गुडघ्याबद्दल लिहिते आहे. सुरुवातीला लिहिलंच आहे.

ता. क. तिसरा — आणि आता हसू नका. या पत्राच्या चारही कोपऱ्यांना कुंकू आहे, ते घडी उलगडतानाच तुम्हाला दिसलं असणार. म्हणजे नमस्काराच्या आधीच तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि तरी तुम्ही गुडघा, मुंग्या, टिटवाळा करत इथपर्यंत आलात. तेव्हा उत्तर सविस्तर लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. एक कोरं कार्ड घ्यावं, मनाला येत असेल तर कोपऱ्याला बोट लावावं आणि ते थेट खालच्या मजल्यावर टाकावं. रंगूबाईंना वाचता येतं.